केसभर उंच

साहेबांच्या दाढेवर सोनं होतं आणि ते केसभर उंच बसलं होतं. या घरात येणाऱ्या नव्या माणसाला पाण्याची टाकी कुठे आहे, मागचं दार का लागत नाही, हे कळायच्या आधी ही दाढ कळायची. सुनेला तर ती लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत कळली. सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि एखाद्याचं दुखणं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "स्वभावाने वाईट नाहीत हो हे. दाढ उंच आहे."

साहेब म्हणजे सुनेचे सासरे. एका मोठ्या गोदामात मुख्य होते. तिथले हमाल त्यांना साहेब म्हणायचे, आणि घरातल्यांनी वेगळं काही म्हणावं असं साहेबांना कधी वाटलं नाही. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की ते फक्त खालचा जबडा जरासा डावीकडे सरकवायचे आणि खालच्या दाढेवरचं सोनं वरच्या दाढेवर आपटायचं. टक्.

एवढंच. पण त्या एका आवाजावर घरातलं बोलणं बंद व्हायचं. दुसऱ्यांदा टक् झालं की ज्याला त्याला खोलीबाहेर काहीतरी काम आठवायचं. तिसऱ्यांदा ते एकदाच झालं होतं. थोरली लेक दुसऱ्या शहरात नोकरी धरते म्हणाली आणि पहिल्या दोन्ही वेळा उठली नाही. संध्याकाळी तिची पेटी जिन्याखाली नेऊन ठेवलेली सापडली, कपड्यांच्या व्यवस्थित घड्या करून. साहेबांचं सगळं काम व्यवस्थित असायचं. ती पेटी घेऊन गेली ती पुन्हा आली नाही.

"दाढ बोलते, ते नाही बोलत," सासूबाई सांगायच्या. घरादाराने हे मान्य केलं होतं. दोष दातवाल्या डॉक्टरांचा होता. एवढं सोन्यासारखं सोनं त्यांनी उंच बसवून ठेवलं होतं, मग माणसाच्या डोक्याला शांतता मिळणार कुठून?

यथावकाश साहेब म्हातारे झाले, दाढ हलायला लागली, काढावी लागली, आणि दाढेमागोमाग थोड्याच दिवसांत साहेबही गेले. सासूबाई रीतसर रडल्या. मग घरात हळूहळू आवाज यायला लागले. सुनेने स्वयंपाकघरात रेडिओ आणला आणि शिवणयंत्र मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणलं; ती कपडे लहानमोठे करून द्यायची, लोकांच्या विजारींची उंची कमी करायची. नात जन्मली आणि चालायला लागायच्या आधी गरगर फिरायलाच लागली, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायला लागले. आणि साहेबांचा मुलगा, सुनेचा नवरा, गुणगुणायला लागला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत उतरायचा आणि तिथे लोखंडी दोराजवळ उभा राहून गुणगुणायचा. वर थांबलेला त्याचा जोडीदार म्हणायचा, "मला खाली वाकून बघावं लागत नाही. हा वाजतोय तोवर जिवंत आहे." कामावर त्याचं नावच गुणगुण्या पडलं होतं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. त्याला कशाचंच काही वाटायचं नाही, हीच सुनेची सगळ्यात मोठी मिळकत होती.

अशा या सुखी माणसाने एका दुपारी लेकीच्या हातातली कडक साखरगोळी गंमत म्हणून पळवली आणि कडकन चावली. गोळी शाबूत राहिली. दाढ फुटली.

"कुठली?" सासूबाईंनी विचारलं.

"खालची. डावीकडची. शेवटून दुसरी." गालावर हात ठेवून तो म्हणाला.

सासूबाई खुर्चीत बसल्या. "त्यांचीच," त्या म्हणाल्या.

दातवाले डॉक्टर अजून तेच होते. हात अजून स्थिर होते, फक्त चष्मा जाड झाला होता आणि त्यावर भिंगांची आणखी एक जोडी चढली होती. त्यांनी आत डोकावून बराच वेळ 'हं' केलं. मग सुनेला आरशात दाखवलं. दाढेचा एक कोपरा उडाला होता आणि मधे खड्डा होता.

"नुसतं भरून भागायचं नाही. पुन्हा फुटेल," डॉक्टर म्हणाले. "आता बघा, खड्डा मधेच असता तर इनले केलं असतं. बाहेर तुकडा घडवायचा आणि आत चपखल बसवायचा. भाडेकरू खोलीत राहतो तसा. पण इथे दाढेची शिखरंच गेलीत. म्हणजे ऑनले. हा भाडेकरू खोली घेतो आणि वर गच्चीही घेतो."

"अख्खी टोपी नको बसवायला?" सुनेने विचारलं.

"कशाला? भिंती चांगल्या आहेत. चांगलं ते पाडू नये. दातांच्या रंगाचं करू, चिनीमातीसारखं. कळणारही नाही."

"तेच करा," गुणगुण्या तोंडातल्या नळीसकट म्हणाला.

पण घरी गेल्यावर सासूबाईंनी बटणांचा डबा काढला. सुनेच्या कामाला येतात म्हणून ती त्यात जुनी बटणं टाकायची आणि गरजेला वरवरची उचलायची; तळापर्यंत तिचा हात कधी गेला नव्हता. सासूबाईंनी बटणं पसरली, आणि शिंपल्याच्या, लाकडाच्या, पितळेच्या बटणांमधून एक लहानसा वेडावाकडा पिवळा तुकडा बोटाने बाजूला सरकवला. एका बाजूने तो गुळगुळीत होता. रोज आपटून झिजल्यासारखा.

"आई, हे इथे होतं?" सून म्हणाली.

"मग कुठे ठेवणार? दाढ टाकली, सोनं कसं टाकणार?"

"आई, ते त्यांच्या तोंडातलं आहे."

"बाहेरच्याच्या तोंडातलं आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "मुलाच्याच तोंडात जातंय. वितळवणार तर आहेत. विस्तवातून गेलं की सगळं शुद्ध."

गुणगुण्या हसला. "असू दे गं. बाबांनी मला आयुष्यात दुसरं काय दिलं? नाक दिलं, ते तुला आवडत नाही."

"नाक परत देता येत नाही म्हणून चालवून घेते," सून म्हणाली. "हे नको घेऊस."

"आईला बरं वाटतंय. एका दाढेने काय होतंय?"

डॉक्टरांनीही कुरकुर केली. जुनं सोनं एकटं वितळवलं की नीट वाहत नाही, त्यात बुडबुडे धरतात, नवं मिसळावंच लागतं, असं ते म्हणाले. सासूबाईंनी निरोप पाठवला की मिसळा, पण अगदी नावाला. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं. या बाईंचं ते पूर्वीपासून ऐकून घेत होते.

पहिल्या खेपेला दाढ कोरून झाली, मऊ लगद्यात माप घेतलं, वरून तात्पुरतं सिमेंट लागलं. माप साच्याच्या कारागिराकडे गेलं. मधल्या दिवसांत गुणगुण्या उजवीकडून जेवला आणि दोन्हीकडून गुणगुणला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पेटीतून प्लास्टरची दाढ काढली. तिच्यावर नवा पिवळा तुकडा बसला होता.

सुनेने तो हातात घेतला. आकार नवा होता, कडा धारदार होत्या, आणि ज्या बाजूने जुना गुळगुळीत होता तिथे आता बारीक शिखरं होती. ती जराशी निर्धास्त झाली. आपण उगाच घाबरतो असं तिने स्वतःला बजावलं.

इंजेक्शनने गाल बधिर झाला. तुकडा बसवला. डॉक्टरांनी निळा पातळ कागद दातांमधे धरला. "चावा. हं, पुन्हा. बाजूला घासा." तोंड उघडलं की सोन्यावर निळे ठिपके. एका ठिकाणी ठिपका गडद होता, तिथे मशीन फिरवलं. पुन्हा कागद, पुन्हा ठिपके, आता सगळे सारखे. मग सिमेंट.

"कसं वाटतंय?"

"काहीच वाटत नाही," गुणगुण्या जड जिभेने म्हणाला. "अर्धं तोंड शेजाऱ्याचं वाटतंय."

"भूल उतरली की कळेल. टोचलं, उंच वाटलं, तर लगेच या. भूल असताना माणसाला सगळं बरोबरच वाटतं."

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना भिंगरी शाळेतली गोष्ट सांगत होती. एका मुलीने दुसरीच्या डब्यात पाल ठेवली होती, म्हणजे खरी नव्हे, रबराची, पण दुसरीला ते माहीत नव्हतं, आणि मग बाई आल्या आणि बाईंनाही ते माहीत नव्हतं. भिंगरी बाई झाली, पाल झाली, खुर्चीवरून उतरून दोन गिरक्या घेतल्या. तिचं कोपर लागून पाण्याचा पेला कलंडला.

टक्.

सुनेचा हात तसाच राहिला. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर काय आलं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी निमूटपणे उठून रेडिओ बंद केला. साहेबांच्या हयातीत या घरात रेडिओ नव्हता, तरी त्यांच्या हाताला बटण बरोबर सापडलं.

"मग? बाईंचं काय झालं?" गुणगुण्याने विचारलं. तो हसत होता. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं.

"दाढ लागते का रे?" सुनेने रात्रीची भांडी आवरताना विचारलं.

"नाही गं. छान आहे."

"उंच वाटते का?"

"नाही म्हटलं ना."

पुढच्या काही आठवड्यांत गोष्टी अशा घडल्या की एकेक वेगळी सांगितली तर ऐकणारा सुनेलाच वेड्यात काढेल. दाराशी चपला सरळ रेषेत लागायला लागल्या. त्या कोण लावतं हे कुणी पाहिलं नाही. पेपर आधी गुणगुण्याच्या हातात जाऊ लागला आणि त्याचा वाचून होईपर्यंत इतर कुणाच्या हातात जाईनासा झाला. शिवणयंत्राचा आवाज होतो का, असं त्याने एकदा अगदी साध्या आवाजात विचारलं. सून होय म्हणाली. टक्. दुसऱ्या दिवशी ती कामावरून येणाऱ्या नवऱ्याची वेळ बघून यंत्र बंद करायला लागली, आणि आपण तसं करतो आहोत हे तिच्या चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं.

मग त्याचा जोडीदार दारात आला. विसरलेली हत्यारांची पिशवी द्यायचं निमित्त होतं.

"वहिनी, याला काही झालंय का?" त्याने आवाज खाली आणून विचारलं. "वाजत नाही आता. परवा मी वरून चारदा हाक मारली. मला वाटलं गेला. वाकून बघतो तर खाली उभा आहे, वर माझ्याकडे बघत. ओ दिली नाही. नुसता टकटक आवाज करतोय. म्हटलं दोराचा असेल. दोराचा नव्हता."

सून त्या दिवशी सासूबाईंशी बोलली. सासूबाई बटणं रंगाप्रमाणे लावत होत्या.

"उंच बसलं असणार," त्या लगेच म्हणाल्या. उत्तर इतकं तयार होतं की सुनेला धीर आला. "त्या डॉक्टरांचा हातच तसला. घासून आण. केसभर घासलं की होईल."

केसभर. सुनेने तो शब्द घट्ट धरला. तिच्या धंद्यात केसभर उंचीसाठी लोक विजारी परत आणायचे. केसभर म्हणजे सुटणारं काम.

"मी काही घासून घेणाऱ्यातला नाही," नवरा म्हणाला.

हे साहेबांचं वाक्य होतं. शब्द न् शब्द. सासूबाईंच्या हातातलं बटण डब्यात पडलं.

"तू गंमत करतोयस ना?" सुनेने विचारलं.

"गंमत कसली?"

"तू म्हणतोस लागत नाही. मग आपटतोस कशाला?"

"मी काही आपटत नाही." टक्.

"आत्ता आपटलीस."

"नाही."

टक्. भिंगरी कोपऱ्यात चित्र रंगवत होती. तिने खडू खाली ठेवला, वही उचलली आणि आतल्या खोलीत गेली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. सुनेने ते पाहिलं. दुसऱ्यांदा झालं की उठायचं, हा नियम या मुलीला कुणी शिकवला होता? साहेब गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

"डॉक्टरांकडे चल," ती म्हणाली. "उंच नसेल तर मी पुन्हा या दाढेचं नाव काढणार नाही."

"लिहून देतेस?"

"तोंडी देते."

"चल," तो म्हणाला. त्याला जिंकायचं होतं. तेही त्याला पूर्वी कधी नसायचं.

डॉक्टरांनी या वेळी भूल दिली नाही. निळा कागद धरला. चावा. घासा. उघडा. भिंगातून बघितलं. कागद बदलला, त्याहून पातळ घेतला, इतका पातळ की श्वासाने हलावा. तो दोन दाढांमधे धरून ओढला. शेजारच्या दाढेवरही ओढला, पलीकडच्या बाजूलाही ओढला. सगळीकडून तो सारखाच अडकला, सारखाच सुटला. सून खुर्चीच्या कडेला बसून त्या कागदाकडे निकालाकडे बघावं तशी बघत होती. गडद ठिपका दिसू दे, असं ती मनात म्हणत होती. एकच दिसू दे.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

"नीट बघा ना."

"बाई, जन्मतःच उगवल्यासारखं बसलंय. एवढं चांगलं माझ्या हातून फार थोड्या वेळा झालंय."

"मी सांगत होतो," गुणगुण्या म्हणाला. ओठाच्या कडेला निळा डाग होता. इतक्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली होती. तो बोलत बाहेरच्या जिन्यात गेला.

डॉक्टरांनी हातमोजे काढले नाहीत. ते पुष्कळ वेळ हत्यारांचं तबक सरळ करत राहिले.

"यांच्या आईंनीही आणलं होतं," ते म्हणाले. "साहेबांना. इथेच, याच खुर्चीत."

"आणि?"

"असाच कागद लावला. असेच ठिपके आले. सगळे सारखे."

सुनेला ते लगेच कळलं, तरी तिने विचारलं, "उंच नव्हतं?"

"नव्हतं हो. त्यांचंही नव्हतं. साहेब गाडी काढायला पुढे गेले आणि आईंनी मला हात जोडले. म्हणाल्या, उंच होतं म्हणून सांगा. मी साहेबांना परत बोलावलं, खुर्चीत घेतलं आणि मशीन फिरवलं. दाढेला लावलं नाही. असंच, हवेत."

"त्याने काही फरक पडला?"

"आईंना पडला," डॉक्टर म्हणाले. मग जिन्याकडे एकदा बघून त्यांनी आवाज उतरवला. "तुम्ही म्हणत असाल तर फिरवतो. दोन मिनिटांचं काम आहे. निदान सांगायला तरी होतं."

मशीन त्यांच्या हातापाशीच लटकत होतं. सुनेने त्याच्याकडे बघितलं. किती सोपं होतं ते. पुढची कितीतरी वर्षं ती लोकांना सांगू शकली असती: स्वभावाने वाईट नाहीत हो. भिंगरीच्या लग्नात होणाऱ्या जावयालाही सांगू शकली असती, स्वयंपाकघरात, दार लोटून.

"नको," ती म्हणाली.

"बघा हं."

"नको डॉक्टर. हवेत नको."

घरी पोचले तेव्हा उजेड होता. स्वयंपाकघरात रेडिओ लागला होता आणि भिंगरी त्याच्यापुढे एका पायावर गोल फिरत होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"उंच होतं ना?" त्यांनी विचारलं.

गुणगुण्या चपला काढून त्या सरळ लावत होता. सून सासूबाईंना घेऊन आत गेली. तिने दार लोटलं नाही.

"नाही आई. बरोबर आहे."

"त्या डॉक्टरांना आता दिसतं कुठे?"

"दिसतं. तेव्हाही दिसत होतं. तुम्हीही होतात तिथे."

सासूबाईंनी पदराने ओटा पुसला. तो स्वच्छच होता. "दाढेला नावं ठेवली की माणसाला जेवायला वाढता येतं गं," त्या म्हणाल्या. "नाहीतर कसं वाढायचं, सांग. रोज वाढायचं असतं."

"आणि वन्संची पेटी?"

सासूबाई टेबलाशी जाऊन बसल्या. सून समोर बसली.

गुणगुण्या येऊन टेबलाशी बसला. भिंगरीची गिरकी एकदम थांबली. तिने बापाकडे पाहिलं नाही; नुसती मान किंचित तिरकी केली, लांबून काही येताना ऐकल्यासारखी, आणि हात लांब करून रेडिओ बंद केला.

आणि मग आवाज आला. टक्.

आधी मुलीचा हात आणि मग आवाज. सुनेने ते दोन्ही बघितलं. सासूबाईंना हे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला पाणी देऊ?" भिंगरीने विचारलं. कालपर्यंत ती बापाला अरे-तुरे करत होती.

"शहाणी मुलगी," गुणगुण्या म्हणाला.

सून उठली. ती रेडिओपाशी गेली आणि तिने तो पुन्हा लावला. मघापेक्षा जरा मोठ्यानेच. कुणीतरी बाई गात होती, मधूनच, कुठल्यातरी ओळीच्या अर्ध्यावरून.

"दाढ बरोबर आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "तुझ्यासमोर सांगितलं डॉक्टरांनी. आता जे सांगायचंय ते तोंडाने सांग."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावलेला दिसत नव्हता. चेहरा तोच होता, ओठाच्या कडेला निळा डाग अजून तसाच. खालचा जबडा जरासा डावीकडे सरकला.

टक्.

सासूबाई उठल्या. त्यांना मागच्या खोलीत काहीतरी काम आठवलं होतं. जाताना त्यांनी भिंगरीपुढे हात केला आणि भिंगरीने तो धरला. पण दारात पोचल्यावर ती मागे वळून आईकडे बघत थांबली. आई रेडिओला पाठ लावून उभी होती. हलली नाही.

गाणं संपलं. दुसरं लागायच्या आधी रेडिओ क्षणभर गप्प झाला, आणि त्या क्षणात भिंगरीने डोळे घट्ट मिटून घेतले.